घाटात उतरवलेलं वजन

मिस्त्री बसला की गाडी पळते. मी बसलो की पळत नाही. मग मधल्यामधे तिचा जोर जातो कुठं?

हा प्रश्न जोतिराम भेटेल त्याला विचारायचा. एसटीच्या ड्रायव्हरला विचारला, देवळातल्या गुरवाला विचारला. कुणी हसलं, कुणी चहा पाजला. उत्तर कुणी दिलं नाही.

गोष्टीत म्हणतात, एका गावात एक भोळा भाऊ होता. हा जोतिराम आमच्या बांबरवाडीत होता आणि भाऊ माझाच होता, थोरला. मागच्या महिन्यात तापानं गेला. लोक भेटायला येतात, दादाच्या गोष्टी सांगतात, हसतात, मग डोळे पुसतात. पण गोष्ट अर्धीच सांगतात. म्हणून पुरी मी सांगतो.

आमची बहीण वैजू. तिचं लग्न घाटापलीकडच्या गावात ठरलं. ती म्हणाली, "दादा, मला टेम्पोतून पाठवू नका. गाडीतून पाठवा." दादानं दोन म्हशी दिल्या आणि गाडी आणली. लाल भडक, बूड जमिनीला टेकेल इतकी बसकी, मागं पंख लावलेला. शहरातल्या कुठल्या पोरानं शर्यतीला ठेवली होती. त्यानं किल्ली देताना एकच गोष्ट शिकवली. "गाडी थांबली की हा दांडा वर ओढायचा. विसरायचं नाही."

दादा कधी विसरला नाही.

पण गाडी ओढेना. शिवाय खड्ड्यात गेली की पुढून खडखड वाजायची. दादा ती दिलावर मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्री आत बसला, गावाबाहेर चक्कर मारून आला. गाडी बाणासारखी गेली, बाणासारखी आली.

"इंजिनाला हवा कमी पडत असंल," मिस्त्री म्हणाला. "आत जाळी असते. जोर गेला की जाळी काढायची, आपटायची, झटकायची. ध्यानात ठेव."

दादानं ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेजारचे नाना कट्ट्यावर बसून कण्हत होते. "जोतिबा, अंगात जोरच राहिला न्हाई बघ." दादानं बघितलं. नानांच्या अंगात जाळीचं बनियन होतं. दादानं ते काढलं, कट्ट्यावर आपटलं, झटकलं आणि परत घातलं. उलटं घातलं.

"आला का जोर?"

नानांना आला. काठी घेऊन ते वेशीपर्यंत दादाच्या मागं पळाले.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "लेका, माणसाचे कपडे कशाला काढतोस? माणसाला आधी विचारावं, कुठं दुखतंय म्हणून."

दादानं ध्यानात ठेवलं. घरी आला, गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला. "कुठं दुखतंय?" गाडी गप्प. दादानं मागच्या चाकाजवळ जाऊन विचारलं. संध्याकाळी आईनं जेवायला हाक मारली तर म्हणाला, "थांब. लाजतीया ती. आत्ता बोलंल."

मिस्त्री म्हणाला, "गाडी बोलती व्हय रं? एकानं वरून हलवायची, दुसऱ्यानं खाली झोपून ऐकायचं. मग कळतं खडखड कुठनं येतीय ते."

दादानं ध्यानात ठेवलं. त्याच दिवशी नवऱ्याकडचे लोक याद्या करायला आले. नवऱ्याचे मामा हिंदुराव, देह भरदार, मिशी त्याहून भरदार. आमच्या बाजेवर बसले. बसताना काहीतरी करकरलं. दादा सरळ बाजेखाली जाऊन झोपला.

"हलव रं," तो मला म्हणाला.

दादा सांगतोय म्हटल्यावर मी हलवली. जोरात हलवली. मामा एका बाजूनं खाली आले.

बाजेखालून दादा ओरडला, "सापडलं! बाज चांगली हाय. आवाज मामांच्या गुडघ्यातनं येतोय!"

मामांनी उठून टोपी झटकली. "हा पोरगा आमच्या सुनेला घाट चढवून आणणार? ते डबडं पहिल्या वळणाला बसंल. मी टेम्पो मागंच ठेवतो. पोरगी शेवटी टेम्पोतनंच येणार, लिहून घ्या."

वैजू आत चुलीपुढं होती. तिनं ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दादाही जेवला नाही. सकाळी उठून गाडी घेऊन पुन्हा मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीच्या दारात थोडा चढ आहे. तिथं गाडी थांबली आणि बंदच पडली. मिस्त्री आत बसला, दादा मागून ढकलू लागला. गाडी दारापर्यंत आली आणि दादाचं नाक खाजलं. त्यानं हात सोडले. गाडी उतारानं मागं आली, पाण्याच्या पिंपावर आदळली. पिंप दादावर सांडलं.

मिस्त्री आतून ओरडला, "अरे, ढकलायला लागलास की वर पोचेपर्यंत हात सोडायचा न्हाई! काय बी होऊ दे!"

दादानं ओल्या अंगानं ते ध्यानात ठेवलं.

मग दोघांनी मिळून खडखड शोधली. मिस्त्री खाली झोपला, दादानं गाडी हलवली. पुढच्या चाकामागं एका दांडीचा नट ढिला झाला होता. मिस्त्रीनं दादाच्या हातात लांब पाना दिला. "हा टक् वाजणारा पाना हाय. पिळत राहायचं. टक् वाजलं की सोडायचं. त्याच्या आधी सोडलंस तर काम कच्चं."

दादानं पिळला. टक् वाजलं. सोडलं. खडखड गेली. दादा इतका खूश झाला की मिस्त्रीच्या पाया पडला, मग पान्याच्या पाया पडला.

"आणि घाटात दम लागला तर?" त्यानं विचारलं.

"वजन कमी करायचं. नको असंल ते उतरवायचं."

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, नवऱ्यानं काहीतरी भेट द्यायची, भावानं कान सोडायचा. एवढंच असतं ते. नवरा धैर्यशील गरीब स्वभावाचा. दादानं कान धरला आणि पिळला. नवऱ्यानं कापडाचं पाकीट पुढं केलं. दादा पिळत राहिला. नवऱ्यानं घड्याळ काढून दिलं. दादा पिळत राहिला. नवऱ्याच्या मुंडावळ्या तिरक्या झाल्या, मान तिरकी झाली.

"सोड की रं!" हिंदुराव मामा गरजले.

"कसा सोडू? काम कच्चं राहील."

सगळा मांडव उभा राहिला. मला तेवढ्यात कळलं. मी नवऱ्याच्या दुसऱ्या कानात म्हणालो, "दाजी, टक् म्हणा."

"आं?"

"टक् म्हणा, टक्!"

"टक्," दाजी म्हणाले.

दादानं लगेच कान सोडला आणि प्रेमानं पाठीवर थाप मारली. "आता कधी खडखड करायचा न्हाई."

वरात निघाली. गाडीत दादा, शेजारी मामा, मागं वैजू, दाजी आणि पाठराखीण म्हणून आत्ती. डिकीत लाडवांचे डबे. मागून टेम्पो, त्यात मी. घाट लागला आणि गाडी गोगलगाय झाली. पहिल्या वळणावर थांबली. मामांनी मिशीवरून हात फिरवला. वैजूनं खाली मान घातली.

दादानं दांडा वर ओढला आणि उतरला. लाडवांचे डबे रस्त्याकडेला ठेवले. पुन्हा बसला. गाडी हलेना. आत्तीला उतरवलं. हलेना. मग त्यानं मामांकडे बघितलं.

"मामा, नको असंल ते उतरवायचं असतं."

मामा उतरले. तरी गाडी जागची हलेना.

दादा विचार करू लागला. नवरी पाहिजे. नवरा पाहिजे. मग नको कोण? त्याचा चेहरा उजळला. तो स्वतः उतरला आणि दार लावून घेतलं.

"आता जाईल," तो म्हणाला. "दाजी, तुम्ही चालवा."

दाजींनी जन्मात फक्त ट्रॅक्टर चालवला होता. ते पुढं आले आणि सवयीनं पहिल्यांदा तो दांडा खाली केला. दांडा खाली केला तर ब्रेक सुटतो, हे दाजींना माहीत होतं. मिस्त्रीला इतकं माहीत होतं की सांगायचं सुचलंच नाही. आम्हाला दाजींनी सांगितलं ते दादाच्या बाराव्याला.

गाडी सुटली. वैजू खिडकीतून वळून बघत होती आणि तोंडावर पदर धरून हसत होती. दाजींना गाडी थांबवताच आली नाही, ती त्यांच्या दारात जाऊनच थांबली.

"बघितलंस?" दादा मला म्हणाला. "माझंच वजन होतं रं."

मामा, आत्ती आणि लाडू टेम्पोत चढले. मामांनी मुकाट्यानं मिशी खाली वळवली. मी दादाला हाक मारली, "चल, बस."

"येडा हाईस का? मी बसलो तर टेम्पो चढंल का? तुम्ही बसा. मी ढकलतो."

त्यानं मागं हात लावले. टेम्पो त्याच्या जोरानं निघाला नाही, आपल्या जोरानं निघाला, आणि भरभर पुढं गेला. मी फळीवरून मागं बघत होतो. दादा कधीच मागं पडला होता. पण वर पोचेपर्यंत हात सोडायचा नाही, हे त्याच्या ध्यानात होतं. वाकून, दोन्ही हात पुढं करून, तो रिकामा रस्ता ढकलत घाट चढत होता.