सुकेशनीचा फोन

“ज्यानं काही केलंच नाही, त्यानं घाबरायचं कशाला, भन्तेजी?”

भन्ते उपसेन विहाराच्या अंगणातला पाला झाडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

सुबोध रामटेके उभाच होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता. सायबर पोलिसांत त्याचा दबदबा होता. प्रत्येकाचा फोन उघडणारी एक किल्ली सरकारकडं असावी की नसावी, यावर उद्या त्याला समितीपुढं बोलायचं होतं. काय बोलायचं ते ठरलेलं होतं. तरी वैनगंगेचा पूल ओलांडताना त्यानं गाडी विहाराच्या टेकडीकडं वळवली होती.

“गेल्या महिन्यात एका संशयिताचा फोन उघडला,” तो म्हणाला. “पळवलेलं पोर वीटभट्टीमागं सापडलं. जिवंत. फोन उघडता आला नसता तर...”

“चांगलं केलंस.”

“मग?”

“मग काय?”

सुबोधनं खिशातून एक फोन काढला, पाहिला, परत ठेवला. पुन्हा काढला.

“हा कुणाचा?”

“...मुलीचा. सुकेशनीचा.”

खराटा थांबला.

“हॉस्टेलवरून आली तशी गप्प आहे. जेवत नाही, झोपत नाही. विचारलं की तोंड फिरवते. आज फोन काढून घेतला. तिची आई म्हणते, तुमच्या ऑफिसात यंत्र आहे ना, उघडा. तिथंच निघालो होतो.”

“मग इकडं कशाला आलास?”

“हात धजत नाही.”

“का? तिनं काही केलंय?”

“नाही! माझी पोर तशी नाही.”

“मग तिनं घाबरायचं कशाला?”

फोन या हातातून त्या हातात जात राहिला.

“ती नाही, भन्तेजी. मी घाबरतो. तिनं न सांगितलेलं मी वाचलं... तर ती मला परत कधीच काही सांगणार नाही.”

“कुठं आहे ती?”

“गाडीत. तिला नजरेआड ठेववत नाही.”

भन्तेंनी हात पुढं केला. सुबोधनं नकळत फोन दिला.

भन्ते फाटकाबाहेर गेले. गाडीपाशी वाकले आणि मागच्या उघड्या खिडकीतून, दोन्ही हातांनी, तो फोन सुकेशनीला दिला.

सुबोध धावत आला. “हे काय केलंत? कुणी धमकावत असेल तिला! उद्या पोरीनं जिवाचं काही करून घेतलं तर?”

“तेव्हा तू कुठं असशील?”



आत सुकेशनीनं फोन मांडीवर पालथा ठेवला. बापाकडं पाहिलं नाही. फक्त शेजारच्या सीटवरची बॅग उचलून पायाशी घेतली.

त्या मोकळ्या जागेकडं सुबोध बघत राहिला. मग दार उघडून तिच्या शेजारी बसला. काही विचारलं नाही.

भन्ते परत निघाले होते.

“भन्तेजी!” त्यानं खिडकीतून हाक मारली. “आणि उद्या? सरकारनं काय करावं म्हणून सांगू?”

भन्ते वळले.

“सरकारला मुलगी आहे, हात न धजायला?”