मायेचं रूप

फार जुन्या काळी सागाच्या रानात रावा नावाचा एक पोपट होता. सिंहाच्या दरबारात स्तुती गाणं हे त्याचं काम. सिंहाला तो ‘मूर्तिमंत शौर्य’ म्हणे, हत्तीला ‘साक्षात औदार्य’ आणि मोराला ‘सौंदर्याचा अवतार’.

एकदा वादळात फांदी अंगावर पडून रावाचा पंख मोडला. जमिनीवरून त्याने खूप हाका मारल्या. हत्ती घाईत होता, मोर पिसं वाळवत होता. थांबली ती साळिंदरबाई. रावा तिचे आभार मानू लागला, तर म्हणाली, “बोलू नकोस, आधी खा,” आणि तिने पिकलेलं उंबर पुढे सरकवलं. पंख जुळेपर्यंत ती रोज आली. कोल्हा फिरकला की काटे फुलवून उभी राहायची. रावाजवळ मात्र अंग चोरून बसायची.

बरा होऊन रावा दरबारात गेला, तेव्हा सिंहाने विचारलं, “काय रे, माया मूर्तिमंत झाली तर कशी दिसेल?”



“मी पाहिलीय, महाराज,” रावा म्हणाला. “तिच्या अंगभर काटे असतात.”