कमळाची वही

डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत मातीकामाच्या विभागात एकदा एक विद्यार्थिनी शिकत होती. तिचे वडील एसटीत वाहक होते. धावत्या गाडीत आधार न घेता तिकिटं फाडणारा त्यांचा हात अर्धांगवायूच्या झटक्याने लुळा पडला, दुसऱ्याचाही जोर गेला, बोटं मिटेनाशी झाली. चहाचा कपसुद्धा दुसऱ्याने ओठाला लावायचा. हा माणूस त्यामुळे फार अवघडून जाई. म्हणून मुलीने शेवटच्या वर्षाचा विषय ठरवला: बाबांना आपल्या हाताने चहा पिता येईल असा कप.

कप साधला. त्याला कान नव्हता. दोन्ही अंगांना खोलगट जागा होत्या, तिथे तळवे नेमके बसत. बाबा त्यातून चहा पिऊ लागले आणि घरातली सकाळ पुन्हा पूर्वीसारखी झाली.

पण अशा संस्थांमध्ये नुसती वस्तू करून भागत नाही. ती कशी सुचली, कुठून कुठे गेली, याची एक वही द्यावी लागते. ही वही कामाबरोबर रोज भरायची असते आणि बहुतेक मुलं ती काम संपल्यावर बसून भरतात. आपल्या विद्यार्थिनीनेही तेच केलं. आधी कप झाला, मग त्याचा प्रवास रचला गेला. पहिल्या पानावर कमळाची कळी आली. पुढच्या वीस चित्रांत ती कळी पायरीपायरीने फुगत, दबत, शेवटी कप झाली. पानं वापरलेली दिसावीत म्हणून तिने त्यांवर चहाचे डागसुद्धा पाडले. परीक्षक खूश झाले. नमुना म्हणून ही वही ग्रंथालयात ठेवायची, असं ठरलं.

त्या विभागात एक वृद्ध शिक्षक होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. पन्नास वर्षं त्यांचे हात चिखलात होते आणि बोलणं मोजकं होतं. त्यांनी ती वही चार दिवसांसाठी मागून घेतली. त्यांच्या थोरल्या बहिणीचा हातही असाच गेला होता आणि ती येत्या रविवारी त्यांच्याकडे राहायला येणार होती. विद्यार्थिनी म्हणाली, कपाची मापं शेवटच्या पानावर आहेत. तात्यांनी ते पान दोऱ्याने बांधून टाकलं. बहिणीचा पंजा लहान, तिला ही मापं चालायची नाहीत, मला वाट कळली म्हणजे पुरे, असं म्हणून ते चाकावर बसले.

कप सुरेख उतरला. दुसऱ्या दिवशी माती जरा घट्ट झाल्यावर तात्यांनी मातीची एक जाड वळी केली, वाकवली आणि कपाला कान लावला. चार बोटं सहज जातील एवढा मोठा कान.

विद्यार्थिनी शेजारीच बसली होती. एवढा मुरलेला माणूस हे काय करतोय, ते तिला कळेना. असा कान लावायचा नसतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ते कसं ठाऊक, हे सांगायचं म्हटलं तर कमळाचं पितळ उघडं पडणार होतं. मान खाली घालून ती आपल्या कामाला लागली. त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तात्या कप घेऊन भट्टीकडे निघाले. तिच्या डोळ्यांपुढे कधीही न पाहिलेली एक म्हातारी आली आणि तिच्या मांडीवर सांडलेला उकळता चहा आला. ती उठून भट्टीच्या दारात उभी राहिली.

"तात्या, हा आत ठेवू नका. कान लावला की कप उचलताना बाहेरच्या अंगाला कलतो. सावरायला बोटांत जोर लागतो. सगळा चहा मांडीवर येईल."

"तुला कसं माहीत?"

"मी केला होता असा. माझा तिसरा कप. बाबांच्या मांडीवर सांडला."

"हे वहीत कुठल्या पानावर आहे?"

ती तिथेच पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. कमळ नंतर आलं होतं. कान असलेले तीन कप वाया गेले होते. तिसरा दिसायला इतका देखणा होता की तो सांडल्यावर तिला बाबांचाच राग आला. भाजलेल्या मांडीवर ते पंचा दाबून बसले होते आणि ती त्यांना म्हणाली होती, "तुम्ही नीट धरतच नाही." नंतर कितीतरी दिवस बाबांनी तिच्यासमोर चहा घेतला नाही. त्याच दिवसांत एकदा ते पाण्याचा पितळी पेला दोन्ही तळव्यांत दाबून उचलताना तिला दिसले आणि कप सुचला. हे सांगताना ती रडली.

तात्यांनी तिला रडू दिलं. मग ओल्या बोटाने कपाचा कान अलगद सोडवला आणि मातीच्या टबात टाकला.

"पोरी, तुझी वही मी तीनदा वाचली," ते म्हणाले. "ती खोटी आहे हे मला पहिल्याच वाचनात कळलं, कारण तीत कुणी चुकतच नाही. पण चूक कुठे पुरलीय ते मला कळेना. कान का नाही याचं कारण कुठेच नव्हतं. मला वाटलं, कमळाला शोभत नाही म्हणून नसेल. मग मी तुझ्याच खड्ड्यात पडलो. आपण ठेचाळलो ती जागा मागून येणाऱ्याला दाखवायची, त्यासाठी ही वही असते. आणि ज्याच्यासाठी एवढं केलंस ते बाबा हिच्यात एकदाही आले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. चहा सांडला त्या पानाची तुला लाज वाटली. माझ्या बहिणीला नेमकं तेच पान हवं होतं."

मग त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले आणि बाबा पेला कसा उचलतात ते दाखव म्हणाले. तिने त्यांचे तळवे धरून दाखवलं. रविवारच्या आत नवा कप भट्टीतून निघाला.

विद्यार्थिनीने परीक्षकांना खरं काय ते सांगून वही परत घेतली. ग्रंथालयाचा मान अर्थातच गेला. नव्या वहीत खाडाखोड होती, तीन फसलेले कप होते आणि चहा सांडला तो दिवस जसाच्या तसा होता. ही वही विभागात देण्याआधी तिने घरी बाबांसमोर बसून ते पान वाचून दाखवलं. "तुम्ही नीट धरतच नाही," हे आपलं वाक्यही तिने वगळलं नाही.

झटक्यानंतर बाबांना एकेक शब्द गोळा करून बोलावं लागे.

"अर्धंच लिहिलंस," ते म्हणाले. "त्याच्यानंतर तीन दिवस तू कॉलेज बुडवलंस. सकाळी माझ्याशेजारी येऊन बसायचीस. काही बोलायची नाहीस. मी जेवतो कसा, पेला उचलतो कसा, नुसती बघत बसायचीस. हात गेल्यापासून लोक तोंड फिरवतात. तू बघत होतीस. मला फार बरं वाटायचं. तेही लिही."

ते तीन दिवस तिने वाया गेले म्हणून सोडून दिले होते. तिने पेन्सिल घेतली आणि बाबा सांगत गेले तसं लिहून घेतलं.