कोळशाने धरून ठेवलेला वास

फार जुन्या काळी, घरातल्या वस्तूही मनातलं बोलत तेव्हा, तळ्याकाठच्या एका गावात चांगुणा राहत असे. एका उन्हाळ्यात तळं शेवाळलं आणि पाण्याला चिखलाचा उग्र वास येऊ लागला. तिचे सासरे तापाने अंथरुणाला खिळले होते. पेला तोंडाशी नेला की ते मान फिरवत. वैद्य म्हणाले, "पाणी पोटात गेलं नाही, तर औषधाचा उपयोग नाही."

तुरटीने गाळ खाली बसवला. तळाला भोक पाडलेल्या मडक्यातल्या वाळूने उरलेला कचरा अडवला. पाणी नितळ झालं, पण वास गेला नाही.

तेव्हा चुलीजवळचा कोळसा म्हणाला, "मला वाळूखाली ठेवून बघा."

"तुला?" वाळू हसली. "सगळं पाणी काळं करशील!"

"आधी मला नीट धुऊन घ्या," कोळसा शांतपणे म्हणाला. "जळताना माझ्या अंगाला असंख्य बारीक छिद्रं पडली आहेत. वास त्यांत धरून ठेवीन."

चांगुणाने तो फोडून, धुऊन मडक्यात भरला. झिरपलेल्या पाण्याचा सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि मग सगळा पेला रिकामा केला.

"सूनबाई, आणखी दे," ते म्हणाले.

महिन्याभरात ते हिंडू-फिरू लागले. एके दिवशी कोळसा आपणहून म्हणाला, "चांगुणाबाई, माझी छिद्रं भरली. आता मला काढा, दुसरा कोळसा घाला."

"राहा की! इतक्यात कोणाला कळणार आहे?" वाळू म्हणाली.

"पिणाऱ्याला कळेल," कोळसा म्हणाला.

चांगुणाने नवा कोळसा आणला, तेव्हा वाळूनेच सरकून त्याला जागा करून दिली.