उंचवटा नसलेले बेट

एका रुंद नदीच्या मुखाशी गाळाने बनलेले एक सपाट बेट होते. त्यावर सशांची दाट वस्ती होती. नदी दर पावसाळ्यात नवा गाळ आणून टाकी, त्यामुळे तिथे भरपूर कोवळे गवत उगवे. त्या गवताच्या ओढीने दूरदूरचे ससेही येऊन राहिले. बिळांना बिळे भिडली. जागा पुरेना, तेव्हा सशांनी किनाऱ्यावरची खारफुटीची झुडपे कुरतडून तिथेही बिळे केली.

एका सकाळी समुद्रावरून एक कुरव पक्षी घाईघाईने आला. मोठे वादळ येत असल्याचे त्याने सांगितले. इथला समुद्र किनाऱ्याकडे निमुळता होत जातो, त्यामुळे वाऱ्याने लोटलेल्या पाण्याला पसरायला वाव मिळत नाही. ते फुगून बेटावर चढेल, हेही त्याने समजावले. सर्वांनी लगेच उंच जागी जावे, असे त्याचे म्हणणे पडले.

दोन पिलांची आई असलेली एक सशीण म्हणाली, "दादा, उंच जागा कुठे आहे तेवढी दाखवा."

कुरवाने वर उडून पाहिले. जमीन जवळजवळ पाण्याच्या पातळीतच होती. गाळाचा एक बांध तेवढा थोडा वर होता, पण त्यावर निम्मे ससेही मावले नसते. खाली येऊन त्याने विचारले, "मग इथे राहता तरी कशाला?"

"डोंगरावर असे गवत नि जागा मिळाली असती, तर इथे कोण आले असते?" सशीण म्हणाली.

दुपारी पाणी आले. जिथली झुडपे गेली होती, तिथून ते थेट आत घुसले. ससे बांधाकडे धावले. सशिणीने दोन्ही पिलांना वर ढकलले. वरच्या सशांनी अंग चोरून त्यांना मधे घेतले, पण तिच्यापुरती जागा उरली नव्हती. पाणी ओसरल्यावर तिचा शोध घेतला गेला. ती सापडली नाही.

काही दिवसांनी कुरव पुन्हा आला. वाचलेले ससे बेट सोडून गेले असतील, असे त्याला वाटले होते. ते मात्र ओला गाळ उकरून बांधावर चढवत होते. सशिणीची पिले तो गाळ पंजांनी थापत होती. बांध किती उंच करणार, असे कुरवाने विचारले.

"उंच आणि रुंदही," एक ससा म्हणाला. "सगळे मावतील इतका."

तात्पर्य : संकटाची सूचना वेळेवर मिळाली, तरी आसऱ्याला जागा नसेल तर ती सूचना अपुरीच पडते, म्हणून सर्वांना पुरेल असा आसरा आधीच उभारावा.