कच्च्या रंगाची राणी

एका राज्यात राजा होता, राणी होती, आणि दोघांच्या मध्ये एक कागद होता. कारण राणीच त्या कागदात होती.

घडले ते असे. कराळसेन मांत्रिकाला चित्रे छापायची भारी हौस. मंजिष्ठेचा लाल, हळदीचा पिवळा, निळीचा निळा असे झाडपाल्याचे रंग काढून, लाकडी ठशांनी कागदावर छापलेली चित्रे त्याने दरबारात मांडली. राणी मृणालवती म्हणाली, घोडा बरा आहे, फक्त बकरीसारखा दिसतो. झाले! मांत्रिकाने राणीचाच ठसा कोरला, मंत्र म्हणत कागदावर उठवला, आणि राणी सिंहासनावरून थेट कागदात गेली. चाळिसाव्या दिवशी रंग मुरेल, मग ही कायमची चित्र, असे बजावून तो गुप्त झाला.

राजा चंद्रकेतू कागदासमोर बसून रडे. उपाय तीन झाले. सेनापतीने सात डोंगरांपलीकडून अमृत आणले, ते वेशीवरच सांडले. प्रधानाने नागमणी आणला. कागद उडू नये म्हणून ठेवायला तो बरा पडला. राजगुरूंनी यज्ञ केला, त्यात कागद जळता जळता वाचला.

एकोणचाळिसाव्या दिवशी गोजरा रंगारणीला बोलावणे गेले. राणी सुटली तर इनाम, नाहीतर शिरच्छेद. गोजराने कागद निरखला आणि मांत्रिकाची मागे राहिलेली साळुंकी मागवली. ती माणसासारखी बोले, आणि तिने सगळे डोळ्यांनी पाहिले होते. कागद आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवला होता का? नव्हता. छापल्यावर वाफ दिली? नाही.

"तुरटी तरी घातली होती?"

"तुरटी न्हाव्याने वापरावी, म्हणाला. माझा मंत्र पुरे."

गोजराला हसू आवरेना. तुरटीवाचून रंग धरत नाही, हे रंगाऱ्याचे शेंबडे पोरही सांगेल. तिने घंगाळात रिठ्याचे पाणी काढले. राजा मध्ये आला.

"कागद विरघळला तर?"

"तर माझी मान आहेच, महाराज. पण उद्या चाळिसावा दिवस."

 कागद पाण्यात गेला. लाल सुटला, पिवळा सुटला, निळा सुटला, कागद कोरा झाला. राजाने तो पाण्यातून उचलला. तेवढ्यात घंगाळातून राणी उभी राहिली, नखशिखांत भिजलेली, आणि तिला सटासट तीन शिंका आल्या. तिकडे कराळसेन बसल्या जागी सगळे मंत्र विसरला.

राणीने नाक चाचपले. डावीकडची नथ उजवीकडे होती. गोजराने खाली मान घालून सांगितले की ठसा उलटा कोरावा, तेव्हा छाप सुलटी येते; मांत्रिकाने तो सुलटाच कोरला होता.

राणी राजाकडे वळली. "एकोणचाळीस दिवस आपण माझ्याकडेच पाहत होतात ना?"

"क्षणभरही नजर हटवली नाही."

"मग नथ कोणत्या बाजूला होती?"

राजा छताकडे पाहू लागला. पुढे गोजराला पाच गावे इनाम मिळाली, राज्यात सुखाचे दिवस परतले, आणि राजा रोज सकाळी राणीसमोर बसून तिला नीट पाहायला शिकू लागला.