गुणाजी दलाल आणि लाल मोटारसायकल

एका बाजारगावात गुणाजी नावाचा गुरांचा दलाल होता. सगळा गाव त्याला नाना म्हणायचा. दात बघून तो बैलाचं वय सांगायचा आणि चाल बघून किंमत. तीस वर्षांत त्याचा शब्द कुणी मोडला नव्हता. खोड एकच. मला माहीत नाही, असं म्हणायला त्याची जीभच वळत नव्हती.

त्याची भाची वैजंता गावातली पिठाची गिरणी चालवायची. गिरणी दुसऱ्याची, राबणं हिचं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला होता. सगळी कमाई घालून त्यानं एक परदेशी, शर्यतीची लाल मोटारसायकल आणली आणि वर्षभरात तो वारला. गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली. आता मालकानं गिरणी विकायला काढली. ती दुसऱ्यानं घेतली की वैजंताचं पोट गेलं. म्हणून गाडी विकून गिरणी आपणच घ्यायची, असं तिनं ठरवलं. रविवारी शहरातून गिऱ्हाईक येणार होतं.

"मामा, हिचे किती मागू?"

गुणाजीनं गाडीला दोन फेऱ्या मारल्या. दात नाहीत, चाल नाही. तरी म्हणाला, "सांगतो रविवारी. त्यात काय एवढं!"

झाली चौकशी सुरू. पण मुरलेला दलाल किंमत विचारत नसतो. आपणच आकडा टाकतो आणि समोरच्याचं तोंड बघतो. गुणाजीनं तेच केलं.

गॅरेजवाल्या उस्मानला म्हणाला, "तसली लाल गाडी दोन लाखाला जात असेल, काय?"

"जात असेल की, नाना," उस्मान पाना पुसत म्हणाला.

मास्तरांना म्हणाला, "बारा लाखाची असेल, नाही?"

"साधारण तेवढीच," मास्तर म्हणाले. त्यांनी आयुष्यात सायकलच चालवली होती.

पतसंस्थेच्या साहेबाला त्यानं तीस लाख सांगून बघितले. साहेब म्हणाला, "तीस म्हणजे तीसच!"

गुणाजीचं डोकं गरगरायला लागलं. गाडी एक आणि किंमत घरागणिक निराळी! खोटं कोण बोलतंय? उस्मान? मास्तर? का आपल्याच कानात बिघाड झालाय? शनिवारी तो पुन्हा उस्मानकडे गेला आणि वैतागून म्हणाला, "ती गाडी सव्वा कोटीची आहे म्हणे."

"असेल की, नाना. तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच."

गुणाजी तिथंच उभा राहिला. चार दिवस तो गावभर हिंडला होता आणि त्यानं एकाही माणसाला काही विचारलंच नव्हतं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. गाडी बघून म्हणालं, "सहा लाख. रोख."

सगळा गाव गुणाजीकडे बघायला लागला. वैजंताही. दिली म्हटलं तरी त्याचं नाव राहणार होतं, नाही म्हटलं तरी राहणार होतं. गिरणी मात्र वैजंताच्या हातात राहील का, ते त्याला समजत नव्हतं.

"वैजू," तो म्हणाला, "मला माहीत नाही."

लोक फिदीफिदी हसले. "नाना, दात बघा की!" कुणीतरी ओरडलं. हसलं नाही ते फक्त गिऱ्हाईक. ते घाईनं म्हणालं, "बरं, नऊ घ्या."

वैजंतानं ताडपत्री पुन्हा गाडीवर ओढली. "माहीत नाही म्हटल्यावर तीन वाढले. ज्याला माहीत आहे त्याच्याकडेच जाऊ, मामा."

दुसऱ्या दिवशी दोघं शहरात त्या कंपनीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीपुढं गुणाजी हात जोडून म्हणाला, "पोरी, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पहिल्यापासून सांग." मुलीनं गाडीचे कागद बघितले, नंबर ताडून पाहिला, अशा गाड्या देशात किती आहेत आणि मागे कितीला गेल्या ते समजावलं. महिन्याभरात गाडी एकोणीस लाखांना गेली. गिरणी वैजंताच्या नावावर झाली.

पुढच्या बाजारात एकानं गुणाजीला टोमणा मारला, "काय नाना, आज तरी कळतंय का काही?"

"बैलाचं कळतंय," गुणाजी म्हणाला. "तुझं नाही कळत. ये, बस, सांग."

तात्पर्य: उत्तर तोंडात धरून विचारायला जाल, तर लोक तेच उत्तर तुमच्या पदरात टाकतील. माहीत नसेल तर सरळ म्हणा, माहीत नाही. त्यानं कुणाचं नाक कापलं जात नाही. न म्हटल्यानं मात्र घर बुडतं.